सातवी कडी

दिवे जाऊन अर्धा तास झाला होता. गच्चीवर सतरंजी टाकून पोरं बसली होती. संध्याकाळी सगळी मिळून सिनेमाला जाऊन आली होती, लहान-मोठ्यांनी एकत्र बघायचा भुताचा सिनेमा, आणि आता त्याची चिरफाड चालली होती.

"काय तो शेवट!" धाकटी पुतणी म्हणाली. "भूत हसलं, सगळ्यांना टाटा केलं आणि गेलं. घरात लख्ख उजेड. झालं!"

काका खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. इतका वेळ गप्प होते, ते एकदम उसळले.

"टाटा करून? भूत टाटा करून जात नसतं. तसलाच शेवट करणाऱ्या एका माणसाचं सांगतो. माझ्या ओळखीतला आहे, ऐकीव गोष्ट नाही. पण मध्ये कुणी खिदळलं, तर मी उठून खाली जाईन, आणि मग अंधारात तुमचे तुम्ही."

कुणी खिदळलं नाही. काकांनी घसा साफ केला.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं झालेली. त्या वेळी हा माणूस घरातून निघाला, कशासाठी, तर एक मिनिट शांतता आणायला.

हसू नका म्हटलं ना. त्याचं कामच ते. सिनेमात आवाज टिपायचा. तीस वर्षं तेच केलं. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. लांब कुठे कुकरची शिट्टी झाली तरी हात वर करून चित्रीकरण थांबवायचा आणि सांगायचा, "तिसरी झाली, अजून एक होईल, थांबा." आणि व्हायची.

आता शांतता आणायची म्हणजे काय? प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. या गच्चीची वेगळी, खाली जिन्यातली वेगळी. पडद्यावर कुणी बोलत नसलं तरी मागे त्या खोलीची स्वतःची शांतता लावावी लागते, नाहीतर बघणाऱ्याला एकदम कान बंद झाल्यासारखं वाटतं. म्हणून चित्रीकरण संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करतात आणि एक मिनिट नुसती शांतता टिपून घेतात. त्या मिनिटात कुणी हलायचं नाही, शिंकायचं नाही, खिशातली नाणी वाजवायची नाहीत.

तर हा सिनेमा होता एका बाईच्या भुताचा. नवरा, बायको आणि दोन पोरं एका घरात राहायला येतात. तिथे ही बाई असते. आधी घाबरवते, मग पोरांशी गट्टी करते, आणि शेवटी पोरं तिला म्हणतात, "तू आता जा, आम्ही मोठे झालो." ती हसते. घराची सगळी दारं-खिडक्या आपोआप धाडधाड उघडतात. वारा, उजेड. बाई विरघळून जाते. दहा सेकंद रिकामं घर आणि शांतता. मग बासरी. दिग्दर्शक तरुण होता, शेंडी बांधायचा, आणि त्या दहा सेकंदांवर त्याचा भारी जीव. "घर मोकळं झालं, हे प्रेक्षकाला ऐकू आलं पाहिजे," म्हणायचा.

ते मिनिट कानसेनने टिपलंही होतं. पण मागच्या अंगणात जनरेटर चालू राहिला होता आणि त्याची घरघर डाव्या बाजूने आख्खं मिनिटभर आली होती. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. कानसेनला ती ऐकूच आली नव्हती, कारण त्याचा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला होता.

गेला म्हणजे पूर्ण गेला. ठार. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. ती दोन वर्षं रस्त्याने त्याच्या उजव्या बाजूनेच चालायची आणि कुणी डावीकडून हाक मारली तर त्याला हळूच चिमटा काढायची. काम गेलं असतं ना. एका कानाचा आवाजवाला कोण ठेवतो?

दिग्दर्शकाला संशय आलाच. निर्मात्यासमोर म्हणाला, "काका, कान बरे आहेत ना?" आणि निर्माता म्हणाला, "उद्या सकाळी नऊला स्वच्छ मिनिट पाहिजे. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो." दुसरा माणूस आधीच बघून ठेवलेला होता, तिथे कोपऱ्यात चहा पीत होता.

म्हणून हा रात्री निघालेला. दारात बायको म्हणाली, "मी येऊ का बरोबर?"

"शांतता आणायची आहे," तो म्हणाला. "तू आलीस तर कशी मिळेल?"

तिने दार लावून घेतलं, पण हसत.

घर गल्लीच्या टोकाला होतं. साधंच, दुमजली. वर चार खिडक्या. खाली दिवाणखान्याची एक खिडकी, स्वयंपाकघराचं मागचं दार आणि पुढचं दार. अकरा वर्षं बंद. मालक परगावी, भाड्याने सिनेमावाल्यांना दिलं होतं. किल्ली समोरच्या इस्त्रीवाल्याकडे असायची. म्हातारा दुकानातच झोपायचा. कानसेन पोचला तेव्हा तो जागाच होता, टेबलावर हात टेकून.

"एवढ्या रात्री?" त्याने विचारलं.

"एक मिनिटाचं काम आहे."

"दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून गेलेत तुमचे लोक," इस्त्रीवाला म्हणाला. "इथे राहायच्या त्या बाईंना नसतं खपलं. रोज रात्री साडेअकरा-पावणेबाराला सगळ्या कड्या स्वतः लावायच्या. वरून सुरुवात. वरच्या चार, मग खालची खिडकी, मग मागचं दार, मग पुढचं. सात. मी इथे पडल्या पडल्या मोजायचो. सातवी लागली की मला झोप यायची. त्या गेल्यापासून नीट झोपच नाही बघा."

"कशाने गेल्या?"

"म्हातारपणाने. आणखी कशाने जातात चांगली माणसं?"

कानसेन किल्ली घेऊन आत गेला. वर जाऊन आला. सगळं उघडं होतं. त्याने तसंच ठेवलं, कारण पडद्यावर उघडं आहे तर शांतताही उघड्या घराची हवी. पुढचं दारसुद्धा उघडंच ठेवलं. बूट काढून दाराच्या आत भिंतीशी ठेवले. आवाजवाले असेच मोज्यांवर काम करतात, बुटाचा तळवा करकरतो. दिवाणखान्याच्या मधोमध माइक उभा केला, हेडफोन चढवला, मशीन सुरू केलं आणि रीतीप्रमाणे मोठ्याने बोलला, "शेवट. रिकामं घर. शांतता, एक मिनिट."

घड्याळात अकरा चाळीस.

मग उभा राहिला. हलायचं नाही. मशीनवरचे सेकंद बघत राहिला. पाच. आठ. दहा.

खट्.

वरून. लांबून. कडी लागल्याचा आवाज.

आधी त्याच्या लक्षातच आलं नाही. वाऱ्याने काही आपटलं असेल म्हणून चरफडला, मिनिट नासलं म्हणून. आणि मग कळलं. आवाज डाव्या कानात आला होता.

डाव्या.

दोन वर्षं त्या कानात काही आलं नव्हतं. डॉक्टरने तपासताना कानाजवळ स्वरकाटा वाजवला तरी नाही. बायको रडत होती तेव्हाही नाही.

खट्.

दुसरी.

अठरा सेकंद. हलायचं नाही. हललं की मिनिट गेलं. मिनिट गेलं की काम गेलं. तो मशीनकडेच बघत राहिला. आवाज दाखवणारा डाव्या बाजूचा काटा थरथरून खाली बसला होता. म्हणजे मशीनलाही ऐकू येत होतं.

खट्. खट्.

वरच्या चार झाल्या.

मग जिना. कुणी उतरत होतं. घाई नाही. गुडघे दुखणारं माणूस उतरतं तसं, एका पायरीवर दोन्ही पाय...

त्याच्या समोरच दिवाणखान्याची खिडकी होती. सताड उघडी. बाहेरचा खांबावरचा दिवा दिसत होता.

खट्.

पाचवी. त्या खिडकीची. आणि खिडकी उघडीच.

पस्तीस.

पावलं त्याच्या मागून स्वयंपाकघरात गेली. कपड्यांची सळसळ. धुतलेल्या कपड्यांना येतो तसा वास.

खट्.

सहा.

आता एकच उरली. पुढचं दार. आणि पुढच्या दाराच्या आणि तिच्यामध्ये... तो.

पावलं परत आली. थांबली. डाव्या खांद्याशी.

सेहेचाळीस सेकंद.

डाव्या कानात, अगदी जवळ, दिवसभराच्या कामाने दमलेल्या आवाजात तिने विचारलं,

"आत की बाहेर?"

बस्स. एवढंच. घरोघरी रात्री दार लावताना विचारतात तसं.

पोरांनो, तुम्ही काय केलं असतं? मी पळालो असतो. कबूल करतो. पण याचं डोकं फिरलं. दिवसभर जो तो त्याला बाहेरचा रस्ता दाखवत होता. शेंडीवाला. निर्माता. कोपऱ्यातला तो चहा पिणारा. आणि आता ही पण? चौदा सेकंद राहिली होती. तीस वर्षांत त्याने कुणासाठी मिनिट अर्धं सोडलं नव्हतं, मेलेल्या माणसासाठी का सोडावं?

त्याने मान वळवली नाही. नुसतं उजव्या हाताचं एक बोट वर केलं. थांबा.

आणि ती थांबली.

पन्नास... पंचावन्न... बोट खाली आलं नाही... साठ.

त्याने मशीन बंद केलं आणि मग बोलला.

"बाहेर. माझं काम झालं, जातो. पण बाई, सिनेमात त्यांनी तुमचं भूत केलंय आणि तुम्हालाही बाहेर काढलंय. शेवटात. हसत हसत निघून गेलात तुम्ही. ठाऊक आहे का?"

काहीच नाही. मशीन बंद होतं, हेडफोनमध्ये काही यायचं कारणच नव्हतं.

तरी आलं. डाव्या कानात. नाकाने काढलेला एकच आवाज.

"हं!"

भाजीवाल्याने भलताच भाव सांगितल्यावर बायका काढतात ना, अगदी तो.

त्याने माइक, वायर, सगळं काखेत मारलं आणि बाहेर पडला. दोन पायऱ्या उतरला, तोच मागे दार लागलं. आणि कडी. ही दोन्ही कानांनी ऐकली त्याने.

सात.

गल्लीत आल्यावर पाय गार पडले तेव्हा कळलं, बूट आतच राहिले. परत जाऊन दार वाजवण्याइतका काही तो शूर नव्हता. समोर इस्त्रीवाला अजून टेबलाशीच उभा होता. त्याने किल्लीसाठी हातही पुढे केला नाही.

"लागली ना सातवी?" एवढंच म्हणाला. जांभई दिली आणि दुकानाची फळी ओढून घेतली.

सकाळी नऊ. स्टुडिओ. पायात बायकोने शेजारून आणलेल्या चपला. शेंडीवाला, निर्माता, आवाजांचं मिश्रण करणारा इंजिनियर आणि तो कोपऱ्यातला. मिनिट लावलं. उजवी बाजू इतकी स्वच्छ, की निर्माता मान डोलवायला लागला. आणि डावीकडून,

खट्.

सगळ्यांनी ऐकली. सहाच्या सहा. पायऱ्यांचा आवाज नव्हता, प्रश्नही नव्हता. फक्त कड्या.

"हे काय आहे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"घराचा आवाज."

"पुसून टाका. बाई गेलीये, घर मोकळं झालंय, आणि इथे कुणी कड्या लावतंय? शेवट गोड हवाय काका."

"नाही पुसणार," कानसेन म्हणाला.

आवाजवाल्याने दिग्दर्शकाला नाही म्हणणं, ऐकलंच नव्हतं कुणी.

"तुमच्या शेवटात तिला कुणी विचारलंय?" तो म्हणाला. "पोरं म्हणाली जा, की ती गेली. का जाईल? घर तिचं. यापेक्षा गोड शेवट मला तरी माहीत नाही, की सगळे निजल्यावर कुणीतरी गुडघे दुखत असताना उठतं आणि त्यांच्यासाठी दारं लावून घेतं. राहू दे तिला."

दिग्दर्शक उठला, सावकाश चालत कानसेनच्या डाव्या बाजूला गेला आणि त्या कानाशी, बाकीच्यांना जेमतेम ऐकू जाईल इतपत, कुजबुजला, "काका, तुमचं काम गेलं."

कानसेन वायर गुंडाळत होता. गुंडाळत राहिला.

इंजिनियरने मान खाली घातली. निर्मात्याने सुस्कारा सोडला. त्यांची तोंडं बघून कानसेनला कळलं, काय झालं ते. लाज वाटली त्याला. पण लाजेपेक्षा संताप जास्त होता.

"हो, गेलाय डावा," तो ताठ उभा राहून म्हणाला. "दोन वर्षं झाली. आणि त्याच कानाने मी काल या सहा कड्या ऐकल्या. तुमचे आठ कान धडधाकट आहेत, ते मशीनवर आज ऐकतायत. पुसायच्या तर तुम्ही पुसा. माझा हात लागणार नाही."

आणि चपला फटफट वाजवत निघून गेला. कोपऱ्यातल्या माणसाने त्याच्या खुर्चीवर बसून कड्या पुसल्या. नीट पुसल्या. इंजिनियरने नंतर शपथेवर सांगितलं, डावी बाजू कोरी झाली होती.

फेब्रुवारीत सिनेमा लागला. पहिल्याच दिवशी, सहाच्या खेळाला, कानसेन बायकोला घेऊन गेला. ती म्हणत होती, कशाला जीव जाळायला? तो म्हणाला, तीस वर्षांत माझा प्रत्येक सिनेमा मी तिकीट काढून बघितलाय, हाही बघणार. नामावलीत त्याचं नाव नव्हतं. कोपऱ्यातल्याचं होतं.

थिएटर भरलेलं. पोरंच पोरं. शेवट आला. बाई हसली. दारं-खिडक्या धाडधाड उघडल्या. उजेड. रिकामं घर. दहा सेकंद शांतता, आणि त्यात काही नाही. कोरी. उगाच कान बंद झाल्यासारखी. बासरी वाजायला लागली. लोक उठले, पिशव्या गोळा करायला लागले. कानसेनने डोळे मिटले. बायकोने त्याचा हात धरला.

आणि बासरी थांबली.

खट्.

डावीकडून. भिंतीवरच्या स्पीकरमधून.

लोक उभे होते तिथेच थांबले. पडद्यावर रिकामं घर, सगळं सताड उघडं.

खट्. खट्. खट्.

"तुला ऐकू येतंय?" त्याने बायकोला विचारलं.

तिने नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

खट्.

खट्.

सहा. मग शांतता. खरी शांतता. त्याच घराची. ती ओळखायला त्याला कान दोन लागत नव्हते. आणि काय झालं सांगू? उभे असलेले लोक एकेक करून खाली बसले. चारशे माणसं. सातवी कधी लागते म्हणून वाट बघत. पोरंसुद्धा हूं की चूं करेनात. आणि या सगळ्यात एकट्या कानसेनला, डाव्या कानात, तोच दमलेला आवाज,

"आत की बाहेर?"

तो उठला. भर थिएटरमध्ये मोठ्याने म्हणाला, "बाहेर! आम्ही सगळे बाहेर. तुम्ही लावा."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले आणि उठून निघाले. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर आत सातवी लागली, असं दारावरचा माणूस सांगायचा. ते मी धरत नाही, तो बढाया मारायचा.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन. "कसं केलंत तुम्ही हे? सगळ्या थिएटरांत ऐकू येतंय!"

"मी कसं करणार?" कानसेन म्हणाला. "मला तर तुम्ही बाहेर काढलंत. तिला काढायला जमलं नाही तुमच्याने, तिला विचारा."

फोन ठेवून तो सरळ त्या गल्लीत गेला. तिला सांगायला. संध्याकाळ होती, चांगलीच थंडी. इस्त्रीवाला म्हणाला, "नोव्हेंबरपासून दार आतून बंद आहे. मालक दोनदा येऊन गेला, किल्ली फिरते, दार हलत नाही. खिडक्याही सगळ्या आतून लागलेल्या. मला मात्र झोप मस्त येते. आणि तुमचे बूट का हो ते? आज दुपारी दिसले. सकाळी नव्हते."

पायरीवर त्याचे बूट होते. शेजारी शेजारी, नीट. पॉलिश केलेले. टोकं दाराकडे. ज्याला आत यायचं असतं त्याचे ठेवतात, तशी.

कानसेनने बूट फिरवले. टोकं रस्त्याकडे केली. पायरीवर बसला, एक पाय आत घातला...

आणि तसाच थांबला.

मग दुसराही घातला. नाड्या बांधल्या. घाई न करता, दोन-दोन गाठी मारून. उठला आणि बंद दाराला म्हणाला, "आज नाही, बाई. अजून काम आहे मला."

उजव्या एका कानावर तो अजून काम करतो. लहान-मोठं, मिळेल ते. बूटही तेच वापरतो.

काका गप्प झाले.

"पण एक पाय घालून तो का थांबला?" धाकटीने हळूच विचारलं.

"थंडी होती म्हटलं ना," काका म्हणाले. "दुपारपासून पायरीवर पडलेले बूट. आतून गरम होते. कुणीतरी नुकतेच पायातून काढल्यासारखे."